पाळीतलं पोट दुखणं: शेक कधी, सुंठ कधी आणि डॉक्टर कधी

ताई, तुमची मुलगी १६ वर्षांची, अकरावीत. दर महिन्याला पाळीचे पहिले दोन दिवस कॉलेज आणि क्लास दोन्ही बुडतं. सकाळी उलटी होते, मांड्या भरून येतात आणि ती पोटाशी पाय घेऊन पडून राहते. सासूबाई म्हणतात, लग्न झालं की थांबेल. गोळ्यांची सवय लागेल, गर्भाशयाची पिशवी खराब होईल अशी भीती तुम्हाला वाटते, म्हणून तुम्ही विचारलंत की घरच्या घरी काय करता येईल.

नाशिकमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून मला आता २४ वर्षं झाली. हा प्रश्न आठवड्यातून चारपाच वेळा तरी समोर येतो, कॉलेज रोडच्या मुलींकडून येतो तसा दिंडोरी-निफाडच्या बायकांकडूनही. घरगुती उपायांनी फरक पडतो, चांगला पडतो. फक्त बहुतेक घरांत ते उशिरा सुरू होतात. मुलगी रडायला लागली की मग आई गॅसवर पाणी ठेवते. तोवर आतलं काम होऊन गेलेलं असतं.

आत काय होतं ते सांगते, म्हणजे वेळेचा मुद्दा लक्षात येईल. बीजकोषातून बीज बाहेर पडल्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन उतरतं आणि गर्भाशयाचं अस्तर सुटायला लागतं. त्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं. त्यामुळे गर्भाशयाचा स्नायू आवळतो, आवळताना त्याच्याच रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त कमी पोचतं आणि कळ येते. पोटरीत वांब आला की जसं होतं, तसंच. हे रसायन रक्तस्राव सुरू होण्याच्या आधीपासून जमत जातं आणि पहिल्या ४८ तासांत त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो. थोडं रक्तात मिसळून आतड्यांपर्यंतही पोचतं, म्हणून मळमळ, जुलाब, डोकेदुखी. कित्येक मुली मला लाजत विचारतात, पाळीत पोट का बिघडतं? तेच कारण. (त्या दिवशी तर्रीदार मिसळ खाल्ल्याने कळा वाढतात असा काही पुरावा नाही, पण आतडी आधीच धावत असताना वरून तर्री ओतली तर संडासच्या फेऱ्या वाढतील, एवढं नक्की.)

"पहिलं वर्षभर हिला काही दुखत नव्हतं, आताच कसं सुरू झालं?" हेही आया विचारतात. सुरुवातीच्या काही महिन्यांत बऱ्याच मुलींना बीज न सुटताच पाळी येते, त्यामुळे ती फारशी दुखत नाही. बीज नियमित सुटायला लागलं की दुखणं सुरू होतं. म्हणजे तुमच्या मुलीच्या वयात ते सुरू होणं बहुधा शरीर नीट काम करत असल्याचीच खूण आहे. त्यावरून तिने सोसत पडून राहावं असं मात्र मी म्हणत नाही.

पहिलं काम कागदावरचं. घरात भिंतीवर कालनिर्णय असेलच. दुधाचा हिशेब लिहिता तिथेच मुलीला पाळीच्या दिवशी पेन्सिलीने टिंब करायला सांगा, शेजारी दुखण्याला शून्य ते दहा असा आकडा, आणि काय केलं ते एका शब्दात. शेक, सुंठ, गोळी, काहीच नाही. तीन महिन्यांत दोन गोष्टी कळतात: पाळी साधारण केव्हा येणार आणि कुठल्या उपायाने आकडा खरोखर उतरला. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने आजीच्या भीतीने टिंबाऐवजी "गॅस" असं लिहून ठेवलं होतं. घरच्यांना वाटायचं सिलिंडरचा हिशेब आहे.

आता शेक. माझ्या मते घरगुती उपायांत हा पहिल्या नंबरचा, आणि बाकीचे बरेच मागे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ओटीपोटावर साधारण ३९ अंशांची गरम पट्टी १२ तास ठेवलेल्या बायकांना आयब्युप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी घेणाऱ्यांइतकाच आराम पडला. पट्टी आणि गोळी दोन्ही असलेल्यांना तो सुमारे दीड तासात जाणवला, नुसती गोळी घेणाऱ्यांना पावणेतीन तासांच्या आसपास. ३९ अंश म्हणजे फार नव्हे, अंगापेक्षा जरासं गरम. चटका बसेल इतकं गरम करण्याची गरज नाही, जास्त वेळ ठेवण्याची आहे. आपल्याकडे नेमकं उलट होतं: उकळतं पाणी भरलेली पिशवी दहा मिनिटं, आणि मग ती गार होऊन पलंगाखाली.

तपासताना काही मुलींच्या ओटीपोटावर जाळीसारखे तपकिरी डाग दिसतात, फरशीवर ओल्या जाळीचा ठसा उमटावा तसे. वर्षानुवर्षं कडक पिशवी थेट कातडीवर ठेवल्याचा तो पुरावा. ती मुलगी "थोडंसं दुखतं" म्हणाली तरी मला तिथेच कळतं की थोडंसं दुखत नव्हतं. म्हणून रबरी पिशवीत उकळतं पाणी घालू नका, दोन तृतीयांश भरा, हवा काढून मग झाकण लावा, मध्ये टॉवेल किंवा ड्रेस असू द्या. पिशवी जुनी झाली, रबर चिकट लागायला लागलं, की टाकून द्या. विजेवर गरम होणाऱ्या जेल पिशव्या चार्जिंगला लावलेल्या असताना अंगावर ठेवायच्या नाहीत.

पिशवी नसेल तर पुरचुंडी. माझी आजी करायची तशी सांगते. लोखंडी तव्यावर दोन वाट्या जाडं मीठ आणि मूठभर ओवा मंद आचेवर हलवत राहायचं. मीठ तडतडायला लागलं आणि ओव्याचा वास घरभर झाला की खाली उतरवून, जुन्या सुती साडीच्या दुहेरी फडक्यात घालून गाठ मारायची. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला धरून दहापर्यंत मोजायचं. हात मागे घ्यावासा वाटला तर अजून गरम आहे. मग ओटीपोटावर आणि कमरेच्या खालच्या भागावर, आळीपाळीने. वीसेक मिनिटं ऊब टिकते. ऊब मिठाची, ओव्याचं काम वासापुरतं, असं माझं मत. आजी असती तर तिने हे मानलं नसतं.

कॉलेजात काय करायचं? स्टीलची साधी बाटली गरम पाण्याने भरून ओढणीत गुंडाळली आणि बाकावर बसून मांडीत धरली की झालं. दुहेरी भिंतीची, गरम-गार टिकवणारी बाटली इथे कामाची नाही, ती बाहेरून गारच राहते. औषधाच्या दुकानात कपड्यावर चिकटवायच्या गरम पट्ट्याही मिळतात, पण दर महिन्याला त्या घेणं सगळ्यांना परवडत नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची थंडी तुम्हाला माहीत आहे. त्या दोन महिन्यांत माझ्याकडे दुखण्याच्या तक्रारी जास्त येतात असं मला वाटतं, मोजून मात्र कधी पाहिलेलं नाही.

शेकाबद्दल मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका मजूर बाईने. दिंडोरीजवळच्या द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतरच्या कामाला सुरगाण्याकडून आलेली होती. दिवसभर मांडवाखाली हात वर करून उभं राहायचं. तिने चुलीपाशी मीठ तापवून ते फडक्यात लांबट बांधलं होतं आणि साडीच्या आत कमरेला आवळून घेतलं होतं, पट्ट्यासारखं. मी म्हटलं, थोडं पडत जा. ती म्हणाली, "पडून राह्यलं तर रोज कोन देईल, बाई?" तेव्हापासून उपाय सांगताना मी तो उभ्याने चालेल का हेही बघते.

आणि हो, डोक्यावरून गरम पाण्याने आंघोळ करू द्या. पाळीत डोकं धुवायचं नाही, चार दिवस बाहेर बसायचं, कशाला शिवायचं नाही, हे अजून कित्येक घरांत चालतं. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत चालतं तसं गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्येही. गरम पाण्याची आंघोळ म्हणजे सगळ्या अंगाला शेक. ज्या दिवशी तिचा उपयोग सगळ्यात जास्त त्याच दिवशी ती बंद करायची, याला काय म्हणावं? दही, केळं, लिंबू यांनी पाळी अडते किंवा कळा वाढतात असंही नाही. भूक असेल ते खाऊ द्या.

खाण्यापिण्यातला उपाय म्हणाल तर सुंठ. आल्या-सुंठीवर बरेच छोटे अभ्यास झालेत, त्यातले पुष्कळ इराणमधले. दिवसाला पाऊण ते दोन ग्रॅम सुंठ पूड, पाळीचे पहिले तीनचार दिवस, असा त्यांचा साधारण हिशेब. सुंठ न घेतलेल्यांपेक्षा दुखणं कमी झालं, एवढं बऱ्यापैकी सातत्याने दिसतं. अभ्यास लहान आहेत, तेव्हा छातीठोकपणे सांगणार नाही, पण बऱ्याच मुलींना फरक पडलेला मी पाहिलाय. घरात पाव चमचा सुंठ, तेवढाच गूळ, बोटभर तूप, असं कालवून गोळी करा, दिवसातून तीनदा, जेवणानंतर. रामजन्माचा सुंठवडा जिला आवडतो तिला हे औषध वाटणारच नाही. कालनिर्णयवर पाळीची तारीख जवळ दिसली की आदल्या दिवशीच सुरू करा. पित्ताचा त्रास असेल तर निम्मं घ्या किंवा सोडून द्या. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मेथ्या, बडीशेप, शेपा यांवरही थोडे अभ्यास आहेत, सुंठीपेक्षा कमी ताकदीचे. रात्री भिजवलेल्या चमचाभर मेथ्या चालतात, कडू लागतं म्हणून मुली दोन दिवसांत सोडतात. दिवस गेलेले असण्याची शक्यता असेल तर मेथ्या, शेपा, सुंठ हे औषधाच्या मात्रेत घेऊ नये. जवसाची चटणी चांगली, पण माशाच्या तेलावरच्या अभ्यासांचा दाखला देऊन जवस विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. जवसातल्या ओमेगा-३ चं माशातल्या ओमेगा-३ मध्ये रूपांतर शरीरात फार थोडं होतं. ब-१ जीवनसत्त्वाचंही एक नवल सांगते: भारतातच १९९६ साली ५५६ मुलींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, रोज १०० मिलिग्रॅम, तीन महिने, आणि बहुतेकींचं दुखणं गेलं. इतका सुंदर निकाल पाहिला की मला शंकाच येते. पण गोळी स्वस्त आहे, सहसा अपाय करत नाही, आणि बाजरी, ज्वारी, डाळी, शेंगदाणे यांतून ब-१ येतंच. पॉलिश केलेल्या पांढऱ्या भातात ते फारसं राहत नाही.

गुळाने रक्त वाढतं हा समज मात्र सोडा. गुळात लोह असतं ते जेमतेम. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. रक्त कमी असल्याने कळा येतात असं नाही, पण अंगात त्राण नसलेल्या मुलीला तीच कळ जड जाते. एकदा हिमोग्लोबिन तपासा. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी ती घेत होती की बेसिनमध्ये टाकत होती, हेही प्रेमाने विचारा. चहा जेवणाला लागून नको, तासभर जाऊ द्या.

व्यायामाचं काम सावकाश होतं. कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र तपासले: आठवड्यातून तीन वेळा, ४५ ते ६० मिनिटं, चालणं असो, योगासनं असोत की पळणं, पाळीचं दुखणं बरंच उतरतं. पुरावा अगदी पक्का नाही असं त्यांनीच म्हटलंय, पण तोटा काय? अट एकच, पाळीच्या दिवशी नव्हे तर महिनाभर करायचा. सोमेश्वरला किंवा जॉगिंग ट्रॅकवर मैत्रिणीबरोबर गप्पा मारत भरभर चालली तरी पुरे. फरक दिसायला दोनतीन पाळ्या जातात. ज्या दिवशी दुखतंय त्या दिवशी मार्जारासन, बालासन, कुशीवर पाय दुमडून पडणं, दीर्घ श्वास, जे सुखाचं वाटेल ते. पाळीत आसनं वर्ज्य, असं सरसकट काही नाही. जोराच्या रक्तस्रावात उलटं होणं फक्त टाळलेलं बरं.

आयुर्वेदाचं विचाराल तर चरकाने उदावर्तिनी म्हणून जे वर्णन केलंय, वेदनेने रज बाहेर पडतं आणि ते पडताच आराम पडतो, ते वाचून माझ्या ओपीडीतलीच मुलगी आठवते. चांगल्या वैद्यांकडे, गणेशवाडीतल्या आयुर्वेद महाविद्यालयासारख्या ठिकाणी, नीट तपासून घेतलेल्या औषधाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती दुकानातून परस्पर आणलेल्या "पाळी साफ करणाऱ्या" वट्यांना. त्या पाळी आणण्यासाठी असतात, दुखणं थांबवायला नव्हे. आणि रसौषधींत धातू असतात, त्या विचारून, मोजूनच घ्यायच्या.

आता तुमची भीती, गोळीची. मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयब्युप्रोफेन महिन्यातून दोन-तीन दिवस घेतल्याने सवय लागत नाही, पिशवी खराब होत नाही, पुढे मूल व्हायला अडचण येत नाही. ही गोळी प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच थांबवते. तयार झालेल्यावर तिचा इलाज नाही. म्हणून दुखणं सहाच्या वर गेल्यावर घेतलेली गोळी "लागू पडत नाही". रक्ताचा पहिला ठिपका दिसताच किंवा पहिली कळ येताच, पोटात चार घास घालून घ्यायची, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत. दमा, अल्सर, किडनीचा त्रास असेल तर नाही. पावसाळ्यात ताप असेल तर नाही, डेंग्यू असू शकतो. मेफेनॅमिक ॲसिडबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ च्या अखेरीस एक सूचना काढली होती: क्वचित कुणाला अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं अशी गंभीर रिॲक्शन येते. तसं झालं तर गोळी लगेच बंद आणि थेट दवाखाना. बाकी शेक आणि गोळी यांचं भांडण नाही, दोन्ही एकाच दिवशी चालतात.

लग्नाने थांबतं का? नाही. बाळंतपणानंतर काहींचं कमी होतं, हे खरं. त्या आशेवर १६ वर्षांच्या मुलीने दहा वर्षं काढायची?

इथे माझी एक चूक सांगते. माझ्या सुरुवातीच्या काळात एक विशीतली मुलगी दोन वर्षं येत होती. सोनोग्राफी पहिल्यांदा साफ होती, मी म्हणत राहिले, होईल कमी, शेक दे. दरवेळी ती जाताना सांगायची की पाळीत संडासला बसलं की खाली सुरी फिरते. मी ते मूळव्याध म्हणून सोडून दिलं. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांकडे तिच्या दोन्ही बीजकोषांत एंडोमेट्रिओसिसच्या गाठी सापडल्या. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, बीजकोषावर, आतड्यावर वाढतात, दर दहा बायकांत साधारण एकीला. सुरुवातीला सोनोग्राफीत ते दिसेलच असं नसतं. आता "सोनोग्राफी नॉर्मल" या दोन शब्दांवर मी थांबत नाही.

म्हणून कालनिर्णयवरचा आकडा वर्षागणिक चढत असेल, पाळी संपल्यावरही दुखत असेल, संडास-लघवीला किंवा संबंधाच्या वेळी दुखत असेल, दर तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, अंगावरून सात दिवसांच्या वर जात असेल, किंवा वेळेवर शेक आणि वेळेवर गोळी तीन महिने करूनही कॉलेज बुडत असेल, तर घरी थांबू नका. ज्यांना आधी दुखत नव्हतं आणि पंचविशीनंतर सुरू झालं, त्यांनीही. एका बाजूला अचानक भयंकर दुखणं, चक्कर, किंवा पाळी चुकून मग दुखणं-रक्त, ताप आणि घाण वासाचा स्राव, हे त्याच दिवशी दाखवायचं. चौदा-पंधराव्या वर्षापर्यंत पाळीच आली नाही पण दर महिन्याला पोट दुखतंय, अशी मुलगीही लगेच आणा. पाळीचं रक्त बाहेर यायची वाट बंद असू शकते आणि ती छोट्या ऑपरेशनने मोकळी होते.

आणि कुणी पहिल्याच भेटीत "पिशवी काढून टाका" म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. हे तुमच्या मुलीसाठी नाही, तुमच्या कामवाल्या मावशींसाठी सांगतेय. बीडकडे ऊसतोडीच्या बायकांच्या पिशव्या काढण्याचं प्रमाण इतकं वाढलं की २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. आपल्या जिल्ह्यातूनही टोळ्या ऊसतोडीला जातात. त्या बायका माझ्यासमोर बसून सांगतात, "पाळीची कटकट नको, काढून टाका." पस्तिशीच्या आत पिशवी, त्यातही बीजकोषांसकट, गेली की हाडं, हृदय सगळ्यावर परिणाम होतो, हे त्यांना आधी कुणी सांगितलेलं नसतं.

तुमच्या लेकीसाठी एवढं करा. येत्या पाळीपासून टिंब आणि आकडा सुरू. तारखेच्या आदल्या दिवशी सुंठीची गोळी, रात्री पोटावर कोमट पिशवी. पाळी आली की शेक, आणि गरज लागली तर दुखण्यावरची गोळी, पहिल्या कळेलाच, पाचव्या कळेला नव्हे. तीन महिन्यांनी कालनिर्णयची ती तीन पानं घेऊन तिला माझ्याकडे आणा. पाच मिनिटं मी तिच्याशी एकटीशी बोलेन. तेवढी पाच मिनिटं, ताई, बाहेर बसायचं ते तुम्ही.